पोकर खेळणाऱ्याचं मन : दोन पुस्तकांच्या निमित्ताने



आजचा विषय वाचून काहींना नवल वाटलं असेल. ज्यांचा जन्म वर्गात तत्त्वज्ञान शिकवण्यात गेला, त्यांनी सत्तरी उलटल्यावर पोकरवर का बोलावं? तर सुरुवातीलाच एक आठवण करून देतो. संभाव्यतेचं गणित जुगाऱ्यांच्या प्रश्नातून जन्माला आलं. खेळ अर्धवट मोडला तर डावावरचे पैसे कसे वाटायचे, यावर पास्कल आणि फर्मा यांनी १६५४ मध्ये एकमेकांना पत्रं लिहिली, आणि तिथून या शास्त्राची वाट सुरू झाली. तेव्हा तत्त्वचिंतकांना जुगाराच्या टेबलाचं वावडं कधीच नव्हतं. खेळायचं की नाही, हा वेगळा प्रश्न. त्याकडे शेवटी येऊ.

आज आपल्यासमोर दोन पुस्तकं आहेत. पहिलं ॲनी ड्यूक यांचं ‘थिंकिंग इन बेट्स’, २०१८ मधलं. दुसरं मारिया कोनिकोव्हा यांचं ‘द बिगेस्ट ब्लफ’, २०२० मधलं. दोन्ही लेखिका मानसशास्त्राच्या अभ्यासक. ड्यूक या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातलं डॉक्टरेटचं काम अर्धवट सोडून पोकरकडे वळल्या आणि २००४ मध्ये पोकरच्या जागतिक मालिकेत त्यांनी एक स्पर्धा जिंकली. कोनिकोव्हा यांनी कोलंबिया विद्यापीठात वॉल्टर मिशेल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केली. मिशेल म्हणजे मुलांसमोर मार्शमेलो ठेवून त्यांचा संयम पाहणारे ते प्रसिद्ध मानसशास्त्रज्ञ. कोनिकोव्हा पोकरकडे वळल्या तेव्हा पत्त्यांच्या जोडात पत्ते किती असतात हेही त्यांना ठाऊक नव्हतं. एरिक साइडल या नामांकित खेळाडूला त्यांनी गुरू केलं, आणि जानेवारी २०१८ मध्ये बहामामधली एक स्पर्धा जिंकून ८४,६०० डॉलर मिळवले.

दोन्ही पुस्तकांचं म्हणणं थोडक्यात असं : पोकर चांगलं खेळायला एक विशिष्ट मनोवृत्ती लागते, आणि ती कमावली की आयुष्यातले निर्णयही चांगले होतात. या वाक्याचा पूर्वार्ध आम्हाला मान्य आहे. उत्तरार्धाबद्दल मात्र आमची तक्रार आहे. आज ती नीट मांडायची आहे.

आधी खेळ समजून घेऊ

आपल्यापैकी बरेच जण बदाम सात, मेंढीकोट, रमी खेळलेले असतील. काही जण दिवाळीत तीन पत्तीही खेळले असतील, कबूल करोत न करोत! तीन पत्तीतले ‘चाल’ आणि ‘पॅक’ हे शब्द माहीत असतील, तर पोकरचा निम्मा स्वभाव कळला म्हणून समजा. आज सर्वांत जास्त खेळला जातो तो प्रकार म्हणजे टेक्सास होल्डेम. प्रत्येकाला दोन पत्ते झाकलेले मिळतात. टेबलावर एकूण पाच पत्ते उघडे होतात : आधी तीन, मग एक, मग आणखी एक. प्रत्येक टप्प्यावर पैसे लावायचे, समोरच्याइतके भरायचे, वाढवायचे, नाहीतर पत्ते टाकून डावातून बाहेर पडायचं. शेवटी सात पत्त्यांतून ज्याचे पाच सर्वांत भारी, त्याला मधली सगळी रक्कम. पण बाकीच्या सगळ्यांनी आधीच पत्ते टाकले, तर हातात काही नसतानाही डाव तुमचाच. ब्लफ म्हणजे थाप मारण्याला इथे जागा मिळते.

बुद्धिबळात सगळं पटावर दिसतं. तिथे हरलात तर कुठेतरी तुमचीच खेळी चुकली. पोकरमध्ये तसं म्हणता येत नाही. एक हिशेब करून पाहू.

तुमच्या हातात बदामाचे दोन पत्ते आहेत. टेबलावर चार पत्ते उघडलेत, त्यातले दोन बदाम. एक पत्ता यायचा बाकी आहे. तो बदाम निघाला तर तुमचे पाच बदाम होतात आणि, असं धरून चालू, तुम्ही जिंकता. नाही निघाला तर हरता. मध्ये ५०० रुपये आहेत. समोरच्याने १०० लावले, म्हणजे ६०० झाले. आता तुम्हाला १०० भरायचे की पत्ते टाकायचे?

तुम्ही न पाहिलेले पत्ते ४६. त्यात बदाम ९. म्हणजे ४६ पैकी ९ वेळा ६०० मिळतील, झाले ५,४००. उरलेल्या ३७ वेळा १०० जातील, म्हणजे ३,७००. हातात राहिले १,७००. दर डावाला सरासरी सुमारे ३७ रुपये फायदा. म्हणून भरणं बरोबर. पण गंमत बघा : हा बरोबर निर्णय शंभरात ऐंशी वेळा तुम्हाला हरवणार आहे! पाच वेळा बरोबर वागा, चार वेळा पैसे घालवा, आणि तरीही पुढच्या वेळी तसंच वागा, असं हा खेळ सांगतो. आता हे ऐकायला सोपं आहे. रात्री अकरा वाजता चौथ्यांदा हरल्यावर पाचव्यांदा तितक्याच शांतपणे तोच हिशेब करणं, ही खरी परीक्षा. मनोवृत्तीचा प्रश्न सुरू होतो तो इथून.

निर्णय आणि निकाल

ड्यूक यांच्या पुस्तकाचा गाभा हाच आहे. निकालावरून निर्णयाची किंमत ठरवण्याच्या सवयीला पोकरवाले ‘रिझल्टिंग’ म्हणतात. त्यांनी उदाहरण दिलंय अमेरिकी फुटबॉलचं. २०१५ च्या सुपर बोलमध्ये सिएटलचा संघ गोलरेषेपासून एका यार्डावर होता, थोडेच सेकंद उरले होते. प्रशिक्षक पीट कॅरल यांनी चेंडू घेऊन धावण्याऐवजी पास द्यायला सांगितलं. प्रतिस्पर्ध्याने तो पास मध्येच पकडला आणि सामना गेला. दुसऱ्या दिवशी जो तो कॅरल यांना मूर्ख ठरवत होता. ड्यूक म्हणतात, असा पास पकडला जाण्याची शक्यता फार कमी होती, निर्णयामागे विचार होता, निकाल तेवढा वाईट लागला.

हा भाग खरोखर वाचण्यासारखा आहे. आपल्याकडेही शेवटच्या षटकात फिरकी गोलंदाज आणणारा कप्तान सामना जिंकला की धूर्त आणि हरला की बिनडोक. मुलाने एखादी शाखा निवडली, नोकरी लागली, म्हणजे ‘आम्ही आधीच सांगितलं होतं’. नाही लागली, तरी ‘आम्ही आधीच सांगितलं होतं’!

ड्यूक यांचा दुसरा मुद्दाही मोलाचा आहे. कोणी ठासून काही बोललं की त्याला विचारायचं, पैज लावतोस का? मराठीत आपण हे एरवीही म्हणतो, ‘लागली पैज?’ आणि काय होतं बघा. शंभर टक्के खात्रीने बोलणारा माणूस लगेच सत्तरवर येतो. आपल्या प्रत्येक मताच्या पोटात एक न बोललेला आकडा असतो, तो पैजेने बाहेर येतो. ज्ञानमीमांसेच्या तासाला आम्ही विश्वासाच्या मात्रा शिकवत असू. ड्यूक यांनी तेच एका प्रश्नात बसवलं आहे, याचं कौतुक केलंच पाहिजे.

आता तक्रार. निकालावरून निर्णय तपासायचा नाही, तर कशावरून तपासायचा? पोकरमध्ये उत्तर तयार आहे. जोडात ५२ पत्ते, न पाहिलेले ४६, हव्या असलेल्या रंगाचे ९. शक्यता मोजता येते. शिवाय तीच परिस्थिती हजारदा येते, त्यामुळे आज ना उद्या सरासरी आपलं काम करते. आयुष्यात कोणता जोड? लग्न करताना, शेत विकताना, शस्त्रक्रियेला होकार देताना न पाहिलेले पत्ते किती, हे कोणाला माहीत असतं? आणि तो डाव पुन्हा हजारदा कोण वाटणार आहे? ड्यूक याचं उत्तर देतात, की एकमेकांना खरं सांगणाऱ्या मित्रांचा गट करा, निर्णयाची चर्चा करा. सूचना चांगली आहे. पण मग कॅरल यांच्या उदाहरणात जो भक्कमपणा होता, तो राहिला कुठे? तिथे मागच्या अनेक सामन्यांची आकडेवारी हाताशी होती. ती नसते तिथे ‘माझा निर्णय बरोबरच होता, निकाल तेवढा वाईट लागला’ हे वाक्य शहाणपणाचं न राहता सबबीचं होतं. वरच्या हुद्द्यावरच्या लोकांच्या तोंडी ते तर फारच शोभतं. नुकसान खालच्यांचं, आणि ‘निर्णयप्रक्रिया उत्तम होती’ असं प्रशस्तिपत्र वरच्यांना.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोघांनी १९७६ मध्ये ‘नैतिक नशीब’ या विषयावर निबंध वाचले. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ते ठाऊक असतील. विल्यम्स एका ट्रकचालकाची गोष्ट सांगतात. त्याची काही चूक नाही, पण त्याच्या चाकाखाली एक मूल येतं. आपण त्याला म्हणू, बाबा रे, तुझा दोष नाही. आणि तसं म्हणणं योग्यच. पण तो चालक लगेच ‘हो, माझा निर्णय बरोबर होता’ असं म्हणून जेवायला बसला, तर आपल्याला त्याच्याविषयी काय वाटेल? काहीतरी कमी आहे असं वाटेल. निर्णय आणि निकाल यांची फारकत पोकरच्या टेबलावर गुण ठरते, कारण तिथे निकाल म्हणजे चिप्स, प्लास्टिकच्या चकत्या. माणसांच्या बाबतीत निकालाचं आपल्याशी नातं उरतं, दोष नसला तरी उरतं. ड्यूक यांच्या पुस्तकात या नात्याला जागाच नाही. आमच्या मते ही त्यातली सर्वांत मोठी उणीव आहे.

टिल्ट

पोकरमधला दुसरा महत्त्वाचा शब्द ‘टिल्ट’. तो आला पिनबॉलच्या यंत्रावरून. गोळी हवी तिकडे जावी म्हणून खेळणारा यंत्रच हलवतो, वाकडं करतो, आणि यंत्र ‘टिल्ट’ दाखवून बंद पडतं. पोकरमध्ये मन असं वाकडं झालं की माणूस टिल्टवर गेला म्हणतात.

याचं कारण साधं आहे. दोन एक्के हातात येणं २२१ डावांत सरासरी एकदा. तुम्ही तासन्‌तास वाट पाहिलीत, एक्के आले, समोर एकाने दोन राजांवर सगळं लावलं. तुम्ही मनात हसलात. पण शंभरात सुमारे १८ वेळा राजे एक्क्यांना हरवतात, आणि नेमका तो दिवस आज असतो. यात अन्याय झालेला नाही, १८ म्हणजे शून्य नव्हे. पण मनाला तो अन्याय वाटतो. मग पुढच्या डावात जे पत्ते मुकाट्याने टाकायला हवे होते, त्यांवर माणूस पैसे लावतो. गेलेलं आत्ताच्या आत्ता परत हवं असतं.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातली साखळी आठवा : विषयांचं चिंतन, त्यातून आसक्ती, मग काम, मग क्रोध, मग संमोह, मग स्मृतिभ्रंश आणि शेवटी बुद्धिनाश. टिल्टचं याहून नेमकं वर्णन आम्हाला पोकरच्या पुस्तकांत सापडलं नाही. विशेषतः ‘स्मृतिभ्रंश’ हा टप्पा. टिल्टवर गेलेला खेळाडू मूर्ख नसतो. हिशेब त्याला येत असतो, तो त्या क्षणी आठवत नाही, एवढंच.

कोनिकोव्हा यांचं पुस्तक इथे ड्यूक यांच्यापेक्षा खोल जातं. त्या आपल्या मनाचं निरीक्षण टेबलावर बसून करतात. त्यांना दिसतं की आपण पुष्कळदा हिशेबाने पत्ते टाकत नाही, समोरचा पुरुष दटावतो म्हणून टाकतो. लहानपणापासून बायकांना ‘नमतं घ्या’ शिकवलेलं असतं, ते इथेही बरोबर येतं. म्हणजे क्रोध हा टिल्टचा एकच प्रकार. संकोच, भिडस्तपणा, आवडून घेण्याची हौस, जिंकल्यावर चढणारा माज, हे सगळे टिल्टच. हे निरीक्षण अस्सल आहे.

त्यांचे गुरू साइडल यांची एक शिस्तही ध्यानात ठेवण्यासारखी. दैवाने कसं फसवलं याच्या कहाण्या ते ऐकून घेत नाहीत. नशीब कसं फिरलं हे सांगू नकोस, तू निर्णय काय घेतलास आणि का, ते सांग. रडगाण्याने दोन तोटे होतात : ऐकणाऱ्याचा वेळ जातो, आणि सांगणारा स्वतःला बळी समजायला शिकतो. ही शिस्त मात्र टेबलाबाहेरही, निदान आपल्या घरगुती तक्रारींपुरती, उपयोगी पडावी.

थाप कशी मारावी

सिनेमामुळे आपली समजूत झाली आहे की पोकर म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत पाहून त्याचं मन ओळखणं. जॉन फॉन नॉयमन यांनी ही समजूत फार पूर्वी मोडली. १९४४ मध्ये मॉर्गेनस्टर्न यांच्याबरोबर लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी पोकरची सोपी प्रतिकृती मांडून दाखवलं, की थाप मारणं हा खेळाच्या गणिताचाच भाग आहे, स्वभावाचा नाही.

हिशेब असा. शेवटची फेरी आहे, मध्ये १०० रुपये आहेत आणि तुम्ही १०० लावले. समोरच्याला २०० मिळवायला १०० भरायचे आहेत. तुमची थाप तीनांत एकापेक्षा जास्त वेळा असेल, तर त्याने भरत जावं. कमी असेल, तर टाकत जावं. नेमकी तीनांत एक असेल, तर त्याने काहीही केलं तरी त्याला सारखंच. म्हणजे कधीच थाप न मारणारा खेळाडू प्रामाणिक ठरतो खरा, पण त्याचे चांगले पत्ते कोणी पैसे भरून पाहतच नाही. तो जिंकतो ते चिल्लर.

पुढे यंत्रांनी यावर शिक्कामोर्तब केलं. २०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या ‘लिब्राटस’ या प्रणालीने चार व्यावसायिक खेळाडूंना १,२०,००० डावांत हरवलं. २०१९ मध्ये ‘प्लुरिबस’ने सहा जणांच्या टेबलावर तेच केलं. या यंत्रांना डोळे नव्हते, चेहरे वाचता येत नव्हते. आणि त्यांना मनोवृत्तीही नव्हती! हा मुद्दा दोन्ही पुस्तकांनी हवा तितका मनावर घेतलेला नाही. यंत्राला शांत राहावं लागत नाही, ते अशांत होतच नाही. मग ‘पोकरची मनोवृत्ती’ म्हणजे काय उरलं? आम्हाला वाटतं, गणिताच्या आड येणारं आपलं माणूसपण बाजूला कसं ठेवायचं, त्याचं तंत्र. ते तंत्र आहे, उपयोगी आहे. पण माणूसपण बाजूला ठेवण्याच्या तंत्राला जगण्याचं शहाणपण म्हणताना जरा थांबायला हवं.

पैशाकडे पाहण्याची रीत

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येऊ. पोकर चांगलं खेळायचं तर टेबलावर असताना पैसा हा पैसा वाटता कामा नये. मध्ये पडलेली रक्कम म्हणजे महिन्याचं घरभाडं, असा विचार मनात आला की हात थरथरतो आणि खेळ बिघडतो. म्हणून जाणते खेळाडू सांगतात, गेला तरी चालेल एवढाच पैसा घेऊन बसा, आणि मग त्याला फक्त गुण समजा.

हे ऐकलं की आपल्याकडे कोणीतरी म्हणतंच, अरे, हा तर निष्काम कर्मयोग! फळाची आशा सोडा, कर्म नीट करा. अलीकडे परदेशी लेखनात याच जागी स्टोइक तत्त्वज्ञ येतात. एपिक्टेटसने फाशांचं उदाहरण दिलंही आहे : कोणतं दान पडेल हे आपल्या हाती नाही, पडलेलं दान काळजीपूर्वक वापरणं आपल्या हाती आहे.

साम्य वरवरचं आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. पोकर खेळणारा या डावाच्या फळाची आशा सोडतो ती दहा हजार डावांच्या फळासाठी. त्याची कामना गेलेली नसते, तिची मुदत तेवढी वाढलेली असते. हवं तर आपण याला ‘दीर्घकाम’ म्हणू. आज हरलो तरी चालेल, वर्षअखेर जिंकलं पाहिजे. यात वाईट काही नाही, शेतकरी आणि व्यापारीही असाच विचार करतात. पण एपिक्टेटसने सरासरीचं आश्वासन दिलेलं नाही. तो असं म्हणत नाही, की दान नीट वापर म्हणजे दीर्घ काळात फायदा होईल. फायदा झाला नाही तरी नीट वापर, असं तो म्हणतो. गीतेचंही तेच. हे दोन विचार एका दुकानात ठेवून विकले जातात तेव्हा महाग माल स्वस्तात मिळाल्याचा भास होतो.

शिवाय टेबलावर एक तिसरी गोष्ट असते. आपल्याकडे जुगाराच्या अड्ड्यावर जागेचा मालक प्रत्येक डावातून नाल काढतो. कॅसिनोत त्याला ‘रेक’ म्हणतात. समजा, दहा जण हजार-हजार घेऊन बसले. झाले दहा हजार. रात्रभरात पाचशे रेकमध्ये गेले. उठताना दहा जणांत मिळून साडेनऊ हजार. सरासरी खेळाडू पन्नास रुपयांनी खाली. म्हणजे सगळ्यांनी ही पुस्तकं वाचली, सगळे स्थितप्रज्ञ झाले, तरी सगळे मिळून हरणारच! एकाची शांतता दुसऱ्याच्या टिल्टवर पोसली जाते. पोकरमध्ये जाणते लोक मुद्दाम कच्च्या खेळाडूंचं टेबल शोधतात, हे उघड गुपित आहे. ज्या शहाणपणाला दुसऱ्याच्या अडाणीपणाची गरज लागते, ते सगळ्यांना शिकवण्याची भाषा कशी करायची?

आणि एक विसंगती. निकालावरून निर्णय जोखू नका, असं ही पुस्तकं सांगतात. पण आपण ती का वाचतो? लेखिका जिंकल्या म्हणून. तेवढ्याच मेहनतीने, तेवढ्याच चांगल्या गुरूकडे शिकून जी बाई त्या स्पर्धेत हरली असती, तिचं पुस्तक इतकं गाजलं असतं का? कोनिकोव्हा प्रामाणिक आहेत. आजारपण, आजीचा पाय घसरून झालेला मृत्यू, घरातल्यांच्या गेलेल्या नोकऱ्या, अशा लागोपाठ आघातांनंतर त्या नशिबाचा शोध घ्यायला निघाल्या. नशीब आपल्या ताब्यात येत नाही, हे त्या लपवत नाहीत. तरीही पुस्तकाची कमान विजयाकडे जाते, आणि वाचकाच्या मनात ठसतो तो विजय.

नळाची गोष्ट

महाभारतातल्या नळाख्यानात याचं सुंदर चित्र आहे. द्यूतात राज्य घालवलेला नळ ऋतुपर्णाचा सारथी होऊन राहतो. वाटेत ऋतुपर्ण बेहड्याच्या झाडाकडे पाहून पानंफळं किती ते सांगतो. नळ रथ थांबवून मोजतो, तर आकडा बरोबर! ही विद्या म्हणजे अक्षहृदय. नळ आपलं अश्वहृदय देऊन ती घेतो, आणि त्याच क्षणी कली त्याच्या अंगातून बाहेर पडतो. इयान हॅकिंग यांनी संभाव्यतेच्या इतिहासावरच्या १९७५ च्या ग्रंथात या कथेची दखल घेतली आहे. संख्येचं ज्ञान आणि मनाचा विकार जाणं, या दोन गोष्टी कथाकाराने एका क्षणी घडवल्या. टिल्ट आणि हिशेब यांचा संबंध त्याला दिसला होता.

पण पुढे बघा. नळ पुष्करावर डाव जिंकतो, राज्य परत घेतो, पुष्कराला मारत नाही, उलट त्याचा वाटा त्याला देऊन सन्मानाने परत पाठवतो. आणि उठतो. अक्षहृदय मिळालं म्हणून तो गावोगाव कच्चे खेळाडू शोधत फिरत नाही. उलट युधिष्ठिर सभेत बसलेला असताना त्याला एकच गोष्ट जमली नाही : पत्ते टाकणं. आव्हान आलं की नाही म्हणायचं नाही, या व्रताने तो बांधलेला होता. पोकरमधली सर्वांत मोठी विद्या फोल्ड करण्याची आहे, असं कोणताही जाणता खेळाडू सांगेल. बहुतेक हात टाकायचेच असतात.

तेव्हा या दोन पुस्तकांतून घ्यायचं काय? आमच्या मते तीन गोष्टी. महत्त्वाचा निर्णय घेताना, निकाल लागण्यापूर्वी, का घेतला आणि किती खात्री आहे ते वहीत लिहून ठेवावं. नंतरची स्मरणशक्ती फार लबाड असते. आपला टिल्ट कोणत्या प्रकारचा आहे, रागाचा की भिडेचा, ते ओळखावं. आणि टाकायला शिकावं. मात्र ज्याच्या निकालात दुसरं माणूस गुंतलेलं आहे, तिथे ‘निर्णय बरोबर होता’ एवढ्यावर उठून जाऊ नये.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहोत. एक-दोन प्रश्न घेऊ.

प्रश्न : सर, पोकर हा कौशल्याचा खेळ आहे असंच तुमच्या बोलण्यावरून वाटतं. मग त्यावर बंदी कशाला?

उत्तर : कौशल्य आहेच. रमीत कौशल्याचा भाग मोठा आहे असं सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये म्हटलं, तेव्हापासून हा वाद आपल्याकडे चालू आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, आणि तिथे कौशल्य की नशीब हा भेदच ठेवला नाही. गोव्यात मांडवीतल्या कॅसिनोंमध्ये टेबलं आहेतच. कायद्याचं कायदेपंडित बघतील. आमचं म्हणणं एवढंच की प्रश्न अर्धाच विचारला जातो. कौशल्य दिसायला हजारो डाव लागतात. एका रात्रीत दिसतं ते बहुतेक नशीब. पगाराचे पैसे घेऊन मोबाइल उघडणाऱ्या पोराकडे हजारो डाव टिकण्याइतके पैसे नसतात. ‘कौशल्याचा खेळ’ हे शब्द त्याच्यापुरते खरे होण्याआधीच त्याचा खिसा रिकामा होतो.

प्रश्न : मग मुलांना पोकर शिकवावं का? नातवाने विचारलं तर काय सांगावं?

उत्तर : शेंगदाणे लावून जरूर शिकवा. बदामाचा तो हिशेब त्याच्याकडून कागदावर करून घ्या. बरोबर खेळून तो चार वेळा हरेल, तेव्हा त्याचा चेहरा बघा, आणि पाचव्यांदा तो काय करतो ते बघा. पैसे लावायची वेळ आली, की उठायला सांगा. उठता आलं, तर खेळ आला असं समजा.